बदकांच्या शेजारचं घर

घर बघायला गेलेली माणसं नळाला पाणी किती वेळ येतं ते बघतात, शाळा किती लांब आहे ते बघतात, ऊन कुठल्या खोलीत येतं ते बघतात. आम्ही बदकं बघत होतो. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडे बघतो, आणि मी हसत नाही असं दिसल्यावर विषय बदलतो. म्हणून एकदा नीट लिहूनच ठेवते.

चौऱ्याऐंशी सालचा हिवाळा लागत होता. आम्ही दोह्यात बिन महमूदला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. कंपनीनं त्या वर्षी ठरवलं की इंजिनियर लोकांनी आपापलं घर शोधावं, करार कंपनी करील. एवढीच बातमी घेऊन हे घरी आले असते तर मी म्हटलं असतं, आहे तेच घर ठेवू या, आणि पोळ्या लाटायला घेतल्या असत्या. पण हे बातमीबरोबर मुदीरसाहेबांनाही घेऊन आले. म्हणजे प्रत्यक्ष नव्हे, बोलण्यातून.

मुदीर म्हणजे ह्यांचे वरिष्ठ, अबू जासिम. दिलदार, बोलका माणूस, पण थंडी पडायला लागली की त्यांना शिकारीशिवाय काही सुचत नसे. त्या दिवशी ऑफिसात कॉफी पिताना ते म्हणाले, यंदा पक्षी कुठे उतरतायत कोण जाणे. अशा वेळी माणसानं गप्प बसावं. हे म्हणाले, "साहेब, शिकार तर आमच्या रक्तातच आहे."

आता ह्या रक्ताबद्दल दोन शब्द. माझ्या मामंजींनी आयुष्यात एकदाच बंदूक हातात घेतली होती, तीही मामलेदारांची, त्यांच्या जीपमध्ये नेऊन ठेवण्यासाठी. आणि ह्यांचं सांगायचं तर घरात पाल निघाली की हे म्हणतात, "तू बघ, मी दार धरतो." दार धरतात, पण बाहेरून.

अबू जासिमना हे कुठून माहीत असणार? त्यांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. "मिस्टर शाजी! मग घर अशा ठिकाणी घ्या जिथे पक्षी उतरतात. पक्षी तुम्ही शोधा, बंदुका मी आणतो. दर शुक्रवारी तुमच्याकडे!"

ह्यांचं नाव शहाजी. ऑफिसात सगळे शाजी म्हणतात, आणि निम्मे लोक हे केरळचे असं समजून ह्यांच्याशी मल्याळममध्ये सुरू होतात. सात वर्षं हे मान हलवत आलेत. पण त्या दिवशी 'शाजी'सुद्धा ह्यांना गोड लागलं. मुदीर दर शुक्रवारी आपल्या घरी! सेक्शन हेडची खुर्ची दोन महिने रिकामी होती, आणि ह्यांना त्या खुर्चीत बसलेलं बदक दिसायला लागलं होतं.

"पण पक्षी कुठे उतरतात ते तुम्हाला कसं कळणार?" मी विचारलं.

"मला कशाला कळायला हवं? तू आहेस की!"

इथे माझ्या नेमाबद्दल सांगणं भाग आहे. खरं तर नेम सांगितला की त्याचं पुण्य कमी होतं म्हणतात, पण ह्या नेमाचा गावभर इतका बभ्रा झाला की आता उरलंसुरलं पुण्य राखून काय करायचंय? त्या आषाढी एकादशीला मी वर्षाचा नेम धरला होता: पाखराच्या चोचीत दाणा गेल्याशिवाय आपल्या तोंडात घास घालायचा नाही. शिवाय आठवड्यातून एक दिवस मौन. मौन माझं मूळचं सोमवारचं. पण दोह्यात सोमवारी शाळेची बस, ह्यांचा डबा, गॅसवाला. शुक्रवारी सगळ्यांना सुट्टी, म्हणून मौन मी शुक्रवारवर आणलं. देव वाराचं समजून घेतो, बसचा ड्रायव्हर घेत नाही. तर शुक्रवारी उठल्यापासून, पाखरू दाणा टिपेपर्यंत आणि त्यानंतर मी दोन घास खाईपर्यंत, तोंडातून शब्द नाही. कागदावर लिहून दाखवणंही नाही, ती पळवाट झाली. मान आणि डोळे, एवढंच.

बिन महमूदच्या आमच्या गॅलरीत सकाळी सहालाच चिमण्या आणि होले हजर असत. त्यामुळे साडेसहाला माझं सगळं आटोपलेलं असे. आमची मालविका तेव्हा अकरा वर्षांची. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. ती म्हणायची, "आई, युअर सायलेन्स इज शॉर्टर दॅन बाबाज शॉवर."

ह्यांनी मात्र त्या मौनात एक यंत्र पाहिलं.

"अगं, सोपं आहे! शुक्रवारी घर बघायला जायचं. तिथे तू दाणे टाकायचे. तू लवकर बोललीस, म्हणजे तिथे पाखरं भरपूर. दुपारपर्यंत नाही बोललीस, तर घर बाद!"

"माझा नेम देवासाठी आहे हो."

"असू दे की. पुण्य देवाला, वेळ आपल्याला."

"बरं," मी म्हणाले.

माझ्या 'बरं'ला घरात कुणी कधी विचारात घेतलं नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली, माझा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही. मी 'बरं' म्हणते तेव्हा ते कधी हो असतं, कधी नाही असतं, आणि बहुतेक वेळा 'देवा, तूच बघ' असतं. हे मात्र प्रत्येक वेळी त्याची नोंद 'हो' अशीच करतात.

रात्रंदिवस एकच गोष्ट मनात टोचायला लागली. मी दाणा टाकायचा, विश्वासानं पाखरं यायची, आणि दर शुक्रवारी त्यांच्यावर बंदुका चालायच्या. मग तो नेम कसला? पारध्याच्या जाळ्यातला दाणा तो! आणि घर एकदा तिथे घेतलं की सुटका नाही. रोज दाणा टाकला तर पाप, न टाकला तर उपास.

हे मी मैमुनाला सांगितलं. मैमुना आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये, दापोलीकडची. घरात रोज मासळी, शुक्रवारी बिर्याणी, पण माझ्या एकादशीला साबुदाणा भिजवायची आठवण तीच करणार. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अगो सरोज, बदकच खायचाय तर मार्केटात मिळतो की, पिसा काढलेला! त्यासाठी घर बदलतस?"

"खायचं नाहीये त्यांना. साहेबांना खूश करायचंय."

"मग तू नाय बोल."

"मला नाही म्हणता येत नाही गं मोठ्यानं."

"मोठ्यानं कोण सांगतोय? हळू बोल, पण नाय बोल!"

सल्ला सोन्यासारखा होता. पण सोनं लॉकरमध्ये ठेवायची आपली रीत.

पहिल्या शुक्रवारी आम्ही शहराबाहेरच्या एका नव्या वसाहतीत गेलो. कंपनीची पिकअप महिपती चालवायचा. महिपती इंदापूरकडचा, बायकामुलं गावी, शुक्रवारचं जेवण आमच्याकडे. पाखरांतलं आमच्यापैकी कुणाला खरंच कळत असेल तर त्याला. पण त्याला कुणी विचारलं नव्हतं, कारण तो ड्रायव्हर.

बंगला कोरा करकरीत होता. इतका कोरा की आसपास झाड नाही, झुडूप नाही, वाळूवर एक मुंगीसुद्धा नाही. मी अंगणात मूठभर बाजरी टाकली आणि पायरीवर बसले. घर दाखवायला आलेला दलाल मला माहिती सांगायला लागला. मी मान हलवली. त्यानं विचारलं, "किचन पसंद है?" मी डोळे मिटून उघडले. त्याला वाटलं ऐकू कमी येतं. तो ओरडून बोलायला लागला. मग त्याला वाटलं ऐकूही येत नाही आणि बोलताही येत नाही, म्हणून त्यानं हातानं स्वयंपाक करून दाखवला, झोपून दाखवलं, आणि न्हाणीघरात नेऊन काय काय दाखवलं ते मी लिहीत नाही. हे मागे उभे राहून घड्याळ बघत होते.

अकरा वाजले. एक वाजला. तीन वाजले. महिपती म्हणाला, "सायेब, हितं पाखरू यायचं म्हंजे त्येला इमानाचं तिकीट काढून आणावं लागंल." मी मानेनं जोरात होकार दिला. शेवटी आम्ही परत बिन महमूदला आलो, तिथल्या गॅलरीतल्या एका होल्यानं चार वाजता माझ्यावर दया केली. निघताना दलालानं ह्यांचा हात हातात घेऊन सांगितलं होतं की अल्ला सब्र करणाऱ्यांबरोबर असतो. हे घरी येईपर्यंत गाडीत ताठ बसून होते.

दुसऱ्या शुक्रवारी वर अल खोरच्या बाजूला, समुद्रकाठी. लांबवर पाण्यात गुलाबी रोहित उभे होते, इतके देखणे की मी मनातल्या मनात हात जोडले. हे म्हणाले, "ह्यांची शिकार करतात का रे?" महिपती म्हणाला, "सायेब, त्यास्नी मारून तुमी वर कुठल्या तोंडानं जाणार?" इथे मी बोलले मात्र साडेनऊलाच, कारण एक समुद्रपक्षी आला, त्यानं बाजरीला नुसती चोच लावली आणि मग ह्यांच्या हातातलं सँडविच घेऊन गेला. नियमात ते बसत होतं. ह्यांनी मात्र तो बंगला रागानं बाद केला. त्यांच्या बोटाला चोच लागली होती.

आणि तिसऱ्या शुक्रवारी तळं सापडलं.

वाळवंटात एवढं गोडं पाणी कुठून, असा प्रश्न माणसाला पडायला हवा. आम्हाला पडला नाही. वळण घेतलं आणि समोर हे भलं मोठं तळं, कडेनं दोन पुरुष उंचीचे बोरू, आणि पाण्यावर बदकंच बदकं. शेकड्यानं! पाणकोंबड्या, बगळे, लांब चोचीचे चिखलातून चालणारे. मालविका शाळेच्या लायब्ररीतलं पक्ष्यांचं पुस्तक मांडीवर घेऊन नावं वाचायला लागली आणि पानं कमी पडली. तळ्याच्या कडेला जुना मजरा, म्हणजे शेतघर, आणि त्यात चार खोल्यांचं घर. चारी खोल्यांच्या खिडक्या तळ्याकडे.

मी बाजरी टाकून बसले न बसले तोच दोन बदकं डुलत डुलत वर आली. दोन मिनिटं! ह्यांनी घड्याळ बघितलं आणि हवेत उडीच मारली. मी डब्यातल्या दशमीचे दोन घास खाल्ले, पाणी प्यायले, आणि सकाळपासूनचा पहिला शब्द बोलले.

"वास!"

"कसला वास?"

"आई इज राइट. धिस इज डिसगस्टिंग," मालविका नाक धरून म्हणाली.

महिपती बोरूच्या पलीकडे जाऊन आला. "वैनी, पानी लई झ्याक हाय. फकस्त ते कुठनं आलंय तेवढं इचारू नका."

अख्ख्या दोह्याचं सांडपाणी शुद्ध होऊन तिथे येत होतं. शुद्ध झाल्याचं पाण्याला कळवलं गेलं नसावं. पण ह्यांना आता नाक उरलंच नव्हतं. "सवय होते," हे म्हणाले. "बदकांना झालीये ना?"

मग कागदपत्रं सुरू झाली. शिकारीच्या परवान्यासाठी त्या भागातला पत्ता हवा. पत्त्यासाठी घराचा करार हवा. करारासाठी, घर शहराबाहेर असल्यामुळे, तिथेच का राहायचं आहे ह्याचं लेखी कारण हवं. कारण 'शिकार' लिहिलं की परवाना दाखवा. हे चार आठवडे त्या टेबलावरून ह्या टेबलावर फिरले. प्रत्येक टेबलावर एक नवा इसम, आणि प्रत्येक इसमाचा एकच प्रश्न, की बाबा रे, माणसं तिथून लांब जायला बघतात, तुला तिथे का जायचंय? पाचव्या आठवड्यात हे हसत घरी आले. काम झालं होतं. कारण मंजूर होण्यासारखं सापडलं होतं.

"काय लिहिलंत?" मी विचारलं.

"काही विशेष नाही. अरबीत आहे."

"पण काय?"

"पत्नीच्या धार्मिक कारणास्तव."

मी हातातली परात खाली ठेवली. म्हणजे दोह्यातल्या एका सरकारी कपाटात, शिक्कामोर्तब होऊन, असं नोंदलं गेलं होतं की सौ. सरोज शहाजी शितोळे ह्या हिंदू बाईंना त्यांच्या धर्माप्रमाणे सांडपाण्याच्या काठी राहणं आवश्यक आहे. धर्माची एवढी सेवा आमच्या घराण्यात आजवर कुणाच्या हातून झाली नव्हती.

आणि बातमी ती बातमीच. गुरुवारच्या आमच्या भजनी मंडळात माझ्या आधी पोचली होती. मी टाळ घेऊन बसते तोच नाशिकच्या एक बाई जवळ सरकल्या. "सरोजताई, कुठलं हो हे व्रत? आमच्याकडे नव्हतं ऐकलं." मी काही बोलायच्या आत पुण्याच्या दुसऱ्या म्हणाल्या, "अहो, कडक असणार. नाही तर तिकडे कोण जाईल?" निघताना एकीनं उद्यापनाला काय काय लागतं तेही विचारून घेतलं. मी "बघू," म्हणाले. आजही तिच्या मनात मी एक फार पोचलेली बाई आहे.

कागद फिरत होते तोवर ह्यांनी महिपतीला रोज तळ्यावर पाठवून बाजरी टाकायला सांगितली. बदकं मुदीर येईपर्यंत हलता कामा नयेत! बाजरी माझ्या देवघराखालच्या डब्यातली. महिपती महिनाभर रोज गेला, आणि येऊन मला सांगायचा, "वैनी, आता गाडीचा आवाज वळखत्यात. पळत येत्यात बगा, शाळा सुटल्यागत." ऐकून मला इतकं बरं वाटायचं, आणि लगेच इतकं वाईट, की देवापुढे बसल्यावर काय मागावं तेच कळेना.

करारावर मुदीरांची सही तेवढी राहिली होती. ते म्हणाले, "आधी जागा बघू. शुक्रवारी येतो. पक्षी चांगले असले तर तिथेच सही."

मैमुना गुरुवारी संध्याकाळी पुन्हा आली. "बोललीस काय नाय म्हणून?"

"अजून नाही."

"आणि उद्या तर तुझा मौन!" तिनं कपाळाला हात लावला. "बाई गं, तुझ्या देवानं तुला वारसुद्धा बघून दिलान."

रात्री मी ठरवलं. नाही म्हणणं माझ्या हातात नव्हतं, पण न टाकणं होतं. उद्या दाणा टाकायचाच नाही. उपास पडला तर पडू दे.

शुक्रवारी सकाळी दोन जीप भरून मंडळी आली. अबू जासिम, त्यांचे चार मित्र, पाच बंदुका, तंबू, गालिचे, कॉफीचे थर्मास, खजूर, आणि भातमांसाचं भलंथोरलं पातेलं. माझ्यासाठी त्यांच्या आईनं वेगळं नवं भांडं काढून त्यात नुसता भाजीभात पाठवला होता. "मॅडम मांस खात नाहीत हे मी तिला सांगितलं," ते म्हणाले. मी हात जोडले. अशा माणसाचा रागही धड करता येत नाही.

ह्यांनी मुदीरांना यंत्राची कल्पना आधीच देऊन ठेवली होती. त्यामुळे पाच शिकारी तळ्याकडे न बघता माझ्याकडे बघत बसले. मी ओसरीवर, मांडीवर बाजरीची पिशवी, पिशवीचं तोंड घट्ट आवळलेलं.

"टाक की!" हे कानाशी कुजबुजले.

मी मान हलवली.

"बाजरी विसरलीस?"

मी डोळ्यांनी पिशवी दाखवली.

"मग?"

मी डोळे मिटून घेतले. हे मुदीरांकडे वळले. "वन मिनिट, सर. स्मॉल टेक्निकल प्रॉब्लेम."

मित्रांपैकी एकजण कंटाळून बंदूक उचलायला लागला, पण अबू जासिमनी हात वर केला. त्यांचं लक्ष माझ्यापुढच्या कॉफीवर गेलं होतं. ती गार झाली होती.

"मॅडम काही घेत का नाहीत?"

"उपास आहे, सर."

त्यांचा चेहरा एकदम आदबशीर झाला. "सोडणार कधी?"

"पक्ष्यानं दाणा खाल्ला की."

"मग दाणा टाकत का नाहीत?"

ह्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आणि मालविका, जिला घरात दहादा हाक मारल्याशिवाय ओ देता येत नाही, ती पटकन म्हणाली, "बिकॉज यू विल शूट देम, अंकल. दे ट्रस्ट हर, अँड देन यू विल शूट देम."

धरणीमाते, असं काहीतरी माझ्या मनात आलं. तेही पुरं झालं नाही, कारण महिपतीला वाटलं बदकांची चौकशी चाललीय. तो अभिमानानं पुढे झाला. "साब, सब बदक हमको पहचानता है! एक महिना रोज मैडम का बाजरी खाया!"

अबू जासिमनी कप खाली ठेवला.

"मिस्टर शाजी," ते म्हणाले, "एक महिना हे तुमच्याकडे जेवले?"

"यस, सर," हे म्हणाले. त्यांना वाटलं कौतुकच आहे.

"आणि मग तुम्ही मला त्यांना मारायला बोलावलंत?" आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "आमच्याकडे तंबूत येऊन जो जेवला त्याला तीन दिवस कुणी हात लावत नाही. वैरी असला तरी. आणि ह्या बाई रोज जेवू घालतात." त्यांनी बोटांवर तीन दिवस मोजले, पुन्हा तीन मोजले, आणि त्यांच्या लक्षात आलं की हे मोजणं कधी संपणारच नाही. मित्रांकडे वळून ते म्हणाले, "खलास. बंदुका गाडीत."

पाच बंदुका गाडीत गेल्या. ह्यांचा चेहरा, दार बाहेरून धरलं असताना पाल बाहेरच निघावी, तसा झाला.

"आता टाका, मॅडम," अबू जासिम म्हणाले. मी पिशवी सोडली.

पण दोन जीप, एक तंबू आणि नऊ माणसं बघून बदकं केव्हाच पलीकडच्या काठाला गेली होती. अर्धा तास गेला, तास गेला. पातेल्यातल्या भाताचा वास तळ्याच्या वासाला भारी पडायला लागला. एका मित्रानं झाकण उचललं. अबू जासिम म्हणाले, "ह्या घरची बाई उपाशी आहे. आधी ती."

मग जे झालं ते मी देवाला साक्षी ठेवून लिहिते. नावाजलेले पाच शिकारी, पांढरेशुभ्र झगे घालून, बोरूमागे पोटावर आडवे झाले. हात रिकामे, श्वास रोखलेले, आणि एखाद्या बदकानं बाजरीचा एक दाणा खावा म्हणून डोळ्यांत प्राण आणून बसलेले. त्यांतले एक वजनदार गृहस्थ पुटपुटत होते, "या रब्ब, एकच दाणा!" ह्यांना आपणही काहीतरी करावंसं वाटलं. त्यांनी खिशातून एक शिट्टी काढली, बदकांना बोलावायची, सूकमधून, म्हणजे तिथल्या बाजारातून, खास आणलेली, आणि गाल फुगवून वाजवली. पलीकडच्या काठावर जी काही बदकं उरली होती ती उडून गेली.

अबू जासिमनी न बोलता तळहात पुढे केला. ह्यांनी त्यावर शिट्टी ठेवली, वर्गात ठेवतात तशी.

मग नमाजाची वेळ झाली. मंडळींनी गालिचा पसरला, ओळीनं उभी राहिली. सगळीकडे एकदम शांत झालं. मीही डोळे मिटून आपलं नाम घ्यायला लागले. डोळे उघडले तेव्हा सगळे वाकले होते, आणि बोरूतून एक काळी पाणकोंबडी बाहेर आली होती. तिनं मान पुढे-मागे करत चार पावलं टाकली, गालिच्यावरच्या माणसांकडे बघितलं, आणि बाजरीचे दाणे टिपले. एक नाही, चांगले सात-आठ. मग आली तशी निघून गेली.

मालविकानं तोंडावर हात दाबून धरला होता. मी तशीच बसून राहिले. नमाज पुरा झाल्यावर महिपतीनं हातवारे करून सांगितलं, आणि पाची जण इतके आनंदले की एकमेकांना मिठ्या मारायला लागले. त्या वजनदार गृहस्थांनी स्वतः माझ्यापुढे भाजीभाताचं भांडं आणून ठेवलं. मी दोन घास खाल्ले. पाणी प्यायले. आठ माणसांचं लक्ष माझ्या तोंडाकडे.

"बोल सरोज," हे म्हणाले. "बोल आता."

आणि मी बोलले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, तळ्यावरून पलीकडे जाऊन परत आला.

"मला इथे राहायचं नाही! मला बिन महमूदचंच घर हवंय!"

"काय म्हणाल्या मॅडम?" अबू जासिमनी विचारलं.

ह्यांनी मुदीरांकडे बघितलं, टेबलावरच्या सही न झालेल्या कराराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. भाषांतर ह्यांच्या हातात होतं. पण मालविका शेजारी उभी होती, आणि तिचं तोंड आधीच उघडं होतं.

"सर," हे हळूच म्हणाले, "शी सेज... शी लाइक्स द ओल्ड हाउस."

"अल्हम्दुलिल्लाह!" अबू जासिम म्हणाले. "मिस्टर शाजी, ह्या बाईंना शहरातच ठेवा. ह्या जिथे राहतील तिथली शिकार संपली." त्यांनी करार उचलून त्याची घडी केली आणि थर्मासखाली सरकवली. "यल्ला, जेवा!"

सगळे पातेल्याभोवती बसले. हे थोडा वेळ उभेच होते, मग ताटली घेऊन माझ्याशेजारी आले.

"एवढं मोठ्यानं बोलायची काय गरज होती?" हे म्हणाले.

"साठलं होतं," मी म्हणाले.

"सकाळपासूनचं?"

मी त्यांच्या ताटलीत भाजीभात वाढला.